लागलं का वं, पारे?

पारूला ठेच लागली की ती दगडाला शिवी द्यायची नाही, नशिबालाही नाही. वाटेतच उभी राहायची, डोक्यावरचा भारा एका हातानं सावरायची आणि स्वतःलाच विचारायची, "लागलं का वं, पारे?" जरा थांबून स्वतःच उत्तर द्यायची, "न्हाई वं माय, जरासंच." आणि हसत पुढं चालायची. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं, ही कुणाशी बोलून राहिली म्हणून. मागं दोन शेळ्या होत्या. त्यांना काही लागलेलं दिसत नव्हतं.

आमच्याकडं बाई बाईला 'गं' म्हणते, पैनगंगेच्या पलीकडं 'वं' म्हणतात. पारूचं माहेर पलीकडचं. आमचं गाव अलीकडं, आखाडा बाळापूरच्या बाजाराला जवळ. तिच्या सासरचं घर गावाच्या कडेला, मेंढरं राखणारं. आमचं घर गावात, जमीनजुमल्याचं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की खतासाठी त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसायची, आणि मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन जायची. ओळख तिथली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी चार लेकरांची आई होते आणि अक्कल अजून यायची होती.

आमच्या घरात कुणी ठेचकाळलं तर आधी 'डोळे काय कपाळाला गेलेत?' हे ऐकायचं आणि मग रक्त पुसायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, या कामात फार हुशार. पण त्या लेकीकडं हट्टा गावी गेल्या तरी घरात काही फरक पडायचा नाही, कारण त्यांच्या माघारी मी स्वतःच स्वतःला बोलायची. दूध उतू गेलं की, "हात मोडले का तुझे, यमुने? बापानं हेच शिकवलं का?" मध्ये त्यांच्यासारखं खाकरायचीसुद्धा. सासूचं काम सासूवाचून अडू दिलं नाही, अशी मी गुणाची सून!

एकदा शेतात माझ्या हातून ताकाचा तांब्या लवंडला आणि मी सुरू झाले. पारू घोंगडीवर बसून टकळीवर लोकर कातत होती. तिनं माझं सगळं होऊ दिलं आणि मग म्हणाली, "यमाबाय, कुनाला एवढं बोलून राहिली?"

"कुणाला म्हंजे? मलाच."

"मंग ते बिचारं कुठं जाईल वं? दुसऱ्याला बोललं तर ते उठून घरी जाते. सोताला बोललं तर त्यानं जावं कुठं, सांग ना?"

मी तिला खुळी ठरवून घरी आले आणि वाटेत तेच वाक्य दोन-तीनदा म्हणून बघितलं.

पारू दिसायला काही खास नव्हती. काळीसावळी, उंच, पुढचे दोन दात एकमेकांपासून रुसल्यासारखे. त्या दातांवर ती स्वतःच गमती करायची. "देवानं मधी दार ठेवलं, शिट्टी मारायला बरं," म्हणायची आणि खरंच अशी शिट्टी घालायची की मेंढरं माना वर करायची. आमच्या घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि हसायच्या त्याही कुणाच्या तरी फजितीवर. ही स्वतःवर हसायची, तेही मोठ्यानं, पण त्यात स्वतःला खाली पाडणं नसायचं. लेकरू पहिल्यांदा चालायला लागतं, बुडावर आपटतं, तेव्हा आई हसते ना, तशी.

एका उन्हाळ्यात माझं डोकं फारच भणभणायला लागलं होतं. झोपेतही उद्याच्या भाकरी थापायची मी. पारूनं मला मेंढरांच्या वाड्याजवळ बसवलं आणि समोरच्या कोकराकडं बोट केलं. "ते रवंथ करून राहिलं. बघ. फकस्त बघ."

मी बघितलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पारू, डाळ भिजवायची राहिली गं."

"गेलं का मन? बलाव त्याला."

पुन्हा बघितलं. मग थोरल्याचा शाळेचा निकाल आठवला. मग आत्याबाईंचं औषध. मी कपाळावर हात मारून घेतला. "मेलं एक जागी ठरतच न्हाई!"

"मारू नको वं त्याला," पारू म्हणाली. "मेंढरू चुकलं तर मारतेत का? हाक मारतेत. हजारदा चुकलं तर हजारदा हाक. त्याचं काम चुकायचं हाय, आपलं काम हाकेचं."

हल्ली माझी पुण्याची नात कुठल्याशा शिबिराला जाऊन येते आणि मला डोळे मिटून श्वासाकडं बघायला शिकवते. मी शहाण्यासारखी शिकते. तिला सांगत नाही की हे मी मेंढराच्या लेंड्यांत बसून शिकलेले आहे.

आता मुद्द्याचं सांगते. मुद्दा माझा अंबाडा.

तरुणपणी मला एकच घमेंड होती, केसांची. रंग यथातथा, नाक बसकं, पण अंबाडा असा की वाटीभर तेल प्यायचा. मी लग्नाकार्यात मुद्दाम पुढच्या रांगेत बसायची, म्हणजे मागच्या सगळ्यांना तो दिसावा. गौरीसमोर बसतानाही पाठ बायांकडं राहील असं बघायची. गौरीला काय, ती सगळ्या बाजूंनी बघते. आत्याबाई, ज्यांनी माझ्या भाकरीला कधी बरं म्हटलं नाही, त्यासुद्धा पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेचा अंबाडा बगा." घरात माझ्या नावावर एवढी एकच चांगली गोष्ट जमा होती. ती मी जपायची नाही तर काय?

आणि मला मुदतीचा ताप आला. मी उठले, पण केस गेले. पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. जे राहिले त्यांची वेणी उंदराच्या शेपटीएवढी. मी कानापर्यंत पदर ओढून घरात बसायला लागले. विचारलं तर म्हणायची, अजून वारं सोसत नाही. आत्याबाईंना दाखवायची हिंमत नव्हती. मी पारूला निरोप धाडला. ती मागच्या दारानं आली, माझा पदर हळूच खाली घेतला, बघितलं आणि ओठ आवळून धरले.

मग विचारलं, "यमाबाय, हासू का थोडं?"

तिनं विचारलं होतं. हे ध्यानात ठेवा. त्या दिवशी तिनं विचारलं होतं.

मी रडता रडता मान हलवली, आणि ती अशी हसली, अशी हसली, की मलाही हसू फुटलं. केस गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही दोघी चुलीपाशी एकमेकींना धरून हसत होतो. हसून झाल्यावर माझ्या डोक्यावरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "थांब. माझ्या काळ्या कोकराचे केस काय वाया चाललेत."

आठवडाभरात तिनं गंगावन करून आणलं. काळ्या कोकराची मऊ लोकर, रिठ्यानं धुतलेली, पिळून, वळून, आत सुती दोरा घालून. माझ्या शेपटीभोवती तिनं ते असं गुंडाळलं की मीच आरशात बघून फसले. आत्याबाई म्हणाल्या, "ताप गेला की केसाला जोर आला." मी आणखी पुढच्या रांगेत बसायला लागले!

एकच अडचण होती. लोकर भिजली की वास यायचा. श्रावणात शेजारी सवाष्ण जेवायला बसलो होतो, मी, आत्याबाई, पारू आणि आणखी चौघी. येताना झिमझिम लागली होती. आत्याबाईंनी घास हातात धरून नाक उडवलं. "कुठं वलं मेंढरू आलंय का घरात?"

मी अंबाड्यावर पदर ओढला. पारू डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "मीच वं आत्याबाई. मेंढराची बाई, पावसात भिजली तर अत्तराचा वास येईल का?" बाया हसल्या. पारूही हसली. माझा वास तिनं आपल्या अंगावर घेतला. भरल्या पंगतीत. त्या दिवशी मी मनाशी म्हणाले, आता हिच्यापासून काहीसुद्धा लपवायचं नाही. आणि नाहीच लपवलं. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी तिला सांगितल्या. विहिरीवर एकदा मी कशासाठी गेले होते आणि का परत आले, तेही.

पुढं थोरल्या दत्ताचं लग्न ठरलं. मुलगी पैनगंगेच्या पलीकडची, नेमकी पारूच्या माहेरच्या गावची. स्थळ तिनंच सुचवलेलं. मी खूष. म्हटलं, मांडवात आपली एक बाई राहील.

आमच्याकडं लग्नात पंगत बसली की नवरीकडच्या बाया नवरदेवाच्या आईवर, म्हणजे विहिणीवर, गाणी म्हणतात. ईनबाईनं लाडू चोरले, ईनबाईचं पोट रांजण, असं. सगळं खोटं, आणि ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत. म्हणून तर त्यावर हसत हसत जेवता येतं. मी हिरवा शालू नेसून, अंबाड्यावर मोगऱ्याचे दोन गजरे माळून बसले होते. बाजूला आत्याबाई. समोर नवी विहीण आणि तिच्या भावजया. पारू समोरच्या बाजूला उभी होती. गावाची लेक म्हणून तिला तिकडं उभं राहणं भाग होतं. मी तिच्याकडं बघून हसले. तीही हसली. आणि तिनं गाणं उचललं.

"ईनबाई आली थाटात गं थाटात,
अंबाडा मावेना दोन्ही हातात.
अंबाडा कशाचा, पुसा गं जाऊन,
काळं कोकरू हिंडतंय बोडकं होऊन!"

पहिल्या दोन ओळींना मी मान वाकडी करून अंबाडा दाखवलासुद्धा. इतकी मी शहाणी! तिसऱ्या ओळीला माझा हात पत्रावळीवर थांबला. चौथ्या ओळीला नवरीची आत्या उठली, हसत माझ्या मागं आली आणि "बगू तरी!" म्हणत तिनं हात घातला. गंगावन सुटून गजऱ्यांसकट माझ्याच पत्रावळीवर पडलं, बुंदीच्या शेजारी.

मांडव एवढा हसला की बाहेरचा बँड थांबला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या लोकरीकडं बघितलं, मग माझ्या शेपटीकडं, आणि पाण्याचा पेला उचलून हात धुतले. अर्ध्या जेवणातून. माझी नवी सून हळदीच्या अंगानं दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की काय करत होती, मी आजपर्यंत तिला विचारलेलं नाही.

मी पारूकडं बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. मी हसेन म्हणून वाट बघत होती, चुलीपाशी हसले होते तशी.

लग्नानंतर ती आमच्या दारात आली. हातात ताकाचा तांब्या, चेहऱ्यावर घोर. मी उंबऱ्याच्या आत, ती बाहेर. तिला आत ये म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

"यमाबाय, राग आला का?"

"न्हाई. गोड वाटलं."

"आमच्याकडं ईनीच्या गान्यात एक तरी खरं घालतेत वं. निस्तं खोटं घातलं तर ईन रुसते. म्हनते, मला परकी समजल्या, माझं काहीच कुनाला ठावं न्हाई. तू माझ्या जिवाची, तुला लाडू चोरायचं गानं कसं म्हनू मी? आमच्याकडं ज्याची थट्टा न्हाई, ते मानूस आपलं न्हाई."

"तुमच्याकडं," मी म्हटलं. "मी कुठली हाय?"

ती म्हणाली, "मी तुला हासले न्हाई, यमाबाय. तुझ्यासंगं हासले."

"माझ्यासंगं? मी कुठं हासून राहिले होते, पारू?"

तिनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "तवा चुलीपाशी तू इचारलं होतंस," मी म्हटलं. "हासू का म्हनून. मांडवात काहून न्हाई इचारलं?"

तिचे डोळे भरले. तांब्या खाली ठेवला तिनं. आणि मग, तिच्या सवयीप्रमाणे, हळू आवाजात स्वतःलाच म्हणाली, "चुकलीस वं, पारे. लई चुकलीस. पन वाईट मनानं न्हाई केलं तू. जाऊ दे, रडू नको." तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. चेहरा निवळला. दातांमधली ती फट जराशी दिसली.

गाण्यापेक्षा ते मला जास्त लागलं. अहो, माफ करायचं की नाही हे माझ्या हातात होतं ना? माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यावर उभी राहून तिनं परस्पर स्वतःला माफ करून टाकलं आणि मोकळी झाली. मला तशीच उभी ठेवून. जी माया मी तिच्याकडून शिकत होते, ती तिनं माझ्याच पुढ्यात आधी स्वतःला वाढून घेतली.

मी दार लावलं. तांब्या बाहेरच राहिला. मांजरानं पिला असेल.

त्यानंतर हापशावर आम्ही समोरासमोर यायचो. ती थांबायची, मी कळशी भरायची. ती "यमाबाय" म्हणायची, मी हापशाच्या दांड्याकडं बघायची. त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसायची बंद झाली. आत्याबाई त्या दिवसापासून मला 'लोकरे' म्हणायला लागल्या, त्या जाईपर्यंत. नव्या सुनेसमोरसुद्धा. आणि एक खरं सांगते, त्या दिवसापासून मी गंगावन लावलं नाही, अंबाडाही घातला नाही. उंदराची शेपटी घेऊन राजरोस हिंडायला लागले. कुणाला काही दाखवायचं राहिलंच नव्हतं. लोक याला धीर म्हणत. धीर कसला, मला उघडं पाडलं होतं. उघड्याला थंडी कमी वाजते असं कुणी समजू नये.

दोन हजार साल उलटून गेलं. जिकडं तिकडं सोयाबीन आलं, चराईची रानं गेली, पारूच्या लेकानं मेंढरं विकून जीप घेतली. एका पावसाळ्यात हापशावर बाया बोलताना कळलं, पारू ओसरीवरून पडली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. मी तरी गेले नाही. पोळा झाला, तरी नाही. मग तिची सून भेटली. म्हणाली, "मावशी, आमच्या आत्याबाई दिसभर सोताला शिव्या देतात वं. 'मर, मेले' म्हनतात. आम्हाला ऐकवत न्हाई."

ते ऐकून मात्र मी निघाले. कुठल्या मायेनं म्हणाल तर नाही. मला ते खोटं वाटलं म्हणून. पारू आणि स्वतःला शिवी?

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वाळून एवढीशी झालेली. पाण्याचा पेला घ्यायला हात लांब केला, पेला लवंडला, आणि ती बोलली, "हात झडले का तुझे, रांडे? मरत काहून न्हाईस? लेकराला भार." थेट आमच्या आत्याबाई! तेच शब्द, तेच खाकरणं. मी दारात गारठून उभी राहिले. हे हिच्या तोंडी कुठून आलं? मी पंधरा वर्षं मरमर करून जे टाकलं होतं, ते हिनं म्हातारपणी उचललं.

माझ्या मनात आलं, बरं झालं. खोटं कशाला बोलू. आलं तसं सांगितलं. मग मी खाली वाकून पेला सरळ ठेवला, तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "लागलं का वं, पारे?"

ती वळली नाही. भिंतीशीच बोलली, "लई लागलं, यमाबाय."

पाण्याचा ओघळ अंथरुणापर्यंत आला, तो मी पदरानं पुसला. मग तिनं मान वळवली, माझ्या डोक्यावरच्या पदराकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी हललं, पण ओठ आवळलेलेच.

"यमाबाय," ती म्हणाली, "हासू का थोडं?"

मी पदर स्वतःच्या हातानं खाली घेतला. आता शेपटीही पांढरी झाली होती, आणि मधोमध टक्कल, बशीएवढं. "बघ," म्हटलं. "यंदा पांढरं कोकरू लागंल."

ती हसली. हसताना खुबा दुखायचा, तशी विव्हळायची आणि पुन्हा हसायची. पुढच्या दोन दातांपैकी एक पडला होता. आता नुसतं दार नाही, वेसच झाली होती. मीही हसले. तिची सून चुलीपासून वाकून बघून गेली.

निघताना तिनं माझा हात धरला. तिला काहीतरी म्हणायचं होतं. मला ते ऐकायचं होतं, इतकी वर्षं ऐकायचं होतं. पण तिला दम लागला, आणि मी म्हणाले, "उद्या येते." गेले. पुष्कळदा गेले. ते म्हणायचं तिचं राहूनच गेलं, आणि दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

नात विचारते, आजी, मग तू तिला माफ केलंस का? मी म्हणते, बाई, तिनं माफी मागितलीच नाही, तर मी देऊ कुणाला? मांडवातलं ते हसणं मला अजून ऐकू येतं. बुंदी मी अजून खात नाही.

परवा न्हाणीत पाय सटकला. आपटले चांगलीच. घरात कुणी नव्हतं. तशीच ओल्या फरशीवर बसून राहिले, आणि आत्याबाईंच्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. आला तो दुसराच. मला तो नको होता. एवढ्या माणसांत देवाला हीच बाई सापडली का? पण आला.

"लागलं का वं, यमाबाय?"

"लागलं मेले," मी म्हटलं. "तुझ्यामुळंच."

आणि जराशानं, तिला न विचारता, हसले.